विहिरीतला कोळसा आणि रायीचा करार

आमच्या घराच्या पडवीतल्या कोनाड्यात एक काळा ढेकूळ पन्नासहून अधिक वर्षे पडून आहे. हातात घेतला तर दगडाच्या मानाने हलका, नखाने खरवडला तर तपकिरी भुकटी सोडणारा, आणि उजेडात धरला तर लाकडाच्या रेषा दाखवणारा. १९७१च्या उन्हाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहीर खोल करायला घेतली तेव्हाचा तो. आमचे घर रत्नागिरीपासून फार लांब नाही. भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला, सडा संपून उतार सुरू होतो तिथे. गड्यांनी वरचा जांभा फोडला, जांभा संपला, पांढरट-निळसर चिकणमाती लागली आणि त्या मातीत हा काळा थर सापडला. हात-दीड हात जाडीचा.

“अण्णा, कोळसा लागला!” अशी खालून हाक आली आणि घरात दोन दिवस दिवाळी झाली. आता आपल्या दारात खाण निघणार, अशी स्वप्ने आम्हा मुलांना पडू लागली. आजीने मात्र चार ढेकळे वाळवून चुलीत घातली. जळण्यापेक्षा धूरच जास्त, त्यात घाणेरडा वास. “ह्यापेक्षा माझ्या शेणी बऱ्या,” असे म्हणून तिने तो प्रकार परसात फेकून दिला. पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळले, की रत्नागिरीच्या आसपास विहिरी खणताना जांभ्याखाली असा लिग्नाइट लागतो याची नोंद इंग्रज भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली आहे. हे थर मायोसीन युगातले मानले जातात, म्हणजे साधारण अर्धा ते सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचे. आजीने चुलीत घातले ते एका कोटीच्या हिशेबातल्या जंगलाचे सरपण होते. ती जाणती होती म्हणून थोडक्यात आवरले.

हा ढेकूळ यंदाच्या शिमग्यात पुन्हा चर्चेत आला, त्याचे कारण वेगळेच. आमची दोन एकरांची राई आहे. ऐन, किंजळ, आंबा, फणस, मधून मधून खैर. सातबारावर अकरा नावे. त्यातली आठ मुंबईला आणि एक पुण्याला. शिमग्याला सगळे चाकरमानी आले, पालखी नाचवून झाली, आणि रात्री पडवीत दोन कागद पुढे आले. एक वखारवाल्याचा : उभी झाडे द्या, रोख रक्कम घ्या. दुसरा एका गृहस्थाने आणलेला इंग्रजी करार : झाडे तीस वर्षे तोडू नका, त्यांत साठलेल्या कार्बनचे दरवर्षी पैसे घ्या. थोरल्या चुलतभावाच्या घराचे छप्पर गळते आहे, एकाच्या मुलीची इंजिनीअरिंगची फी थकली आहे. त्यामुळे हा विषय गप्पांचा नव्हता. पुतण्याने विचारले, “भाऊकाका, तुम्ही आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलीत. आपण नक्की विकतो आहोत काय?”

मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले आणि दरवर्षी फळ्यावर कर्बचक्राची आकृती काढली. एक झाड, एक गाय, एक कारखाना, वर ढग आणि सगळ्यांना जोडणारे बाण. आज त्या आकृतीची मला थोडी लाज वाटते. बाण सगळे सारख्याच जाडीचे असत आणि कोणता बाण किती वेळात फिरतो हे त्यात कुठेच नसे. खरे म्हणजे सगळी गोष्ट त्या वेळातच आहे. पुतण्याला त्या रात्री नीट सांगता आले नाही. तेव्हापासून मनात घोळत राहिले, ते इथे मांडतो.

आपल्या कोकणी घरातला पैसा आठवा. मुंबईहून मनीऑर्डर येई ती महिन्याच्या आत वाण्याकडे जाई. आजीच्या पेटीतले दागिने लग्नकार्याला बाहेर निघत, पंचवीस-तीस वर्षांनी. आणि जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे. पैसा तोच, पण तिन्हींचा वेग निराळा. कर्बाचेही असेच आहे. हवेत आज नऊशे अब्ज टनांच्या आत-बाहेर कर्ब आहे. जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून त्याच्या निम्म्याइतका. मातीत हवेच्या जवळजवळ दुप्पट. समुद्रात ३८,००० अब्ज टन. आणि खडकांत, मुख्यतः चुनखडीच्या रूपाने, सहा कोटी अब्ज टनांहून अधिक. शेवटचा आकडा लिहिताना मी दोनदा तपासला, कारण त्यापुढे बाकीचे सगळे चिल्लर वाटू लागतात. पण घर चालते ते चिल्लरीवरच.

मनीऑर्डरीचा वेग पाहायचा असेल तर एप्रिलमध्ये आमच्याकडे यावे. वैशाखाच्या तोंडावर भाताची दाढ भाजतात. ऐनाची, किंजळाची कवळे तोडून आणायची, वर शेण, पालापाचोळा आणि बारीक माती पसरायची आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवून द्यायचे. सगळी वाडी धुरात बुडते. तणाचे बी मरते, राखेतला पालाश रोपांना मिळतो. हल्ली मुंबईहून येणारी मंडळी नाकाला रुमाल लावून म्हणतात, की हे प्रदूषण झाले. धुराचा त्रास डोळ्यांना आणि छातीला होतो, हे खरेच. पण कर्बाच्या हिशेबात पाहिले तर ऐनाच्या त्या पानांनी हा कर्ब वर्षभरापूर्वीच हवेतून घेतलेला. भाजला नसता तर जमिनीवर पडून वाळवीने आणि बुरशीने दोन पावसाळ्यांत तो हवेला परत केला असता. ऐन पुन्हा फुटतो, पुन्हा तेवढाच कर्ब घेतो. टोकाळ्यापुरती छाटणी केली, झाड जिवंत ठेवले, तर हे खाते वर्षाच्या आत जमाखर्चाला बसते. उलट काही टक्के कर्ब कोळशाच्या बारीक कणांच्या रूपाने दाढीच्या मातीत राहून जातो आणि तो सहजी कुजत नाही.

जगभरच्या वनस्पती मिळून वर्षाला १२० अब्ज टनांहून अधिक कर्ब हवेतून ओढतात आणि जवळजवळ तेवढाच श्वासातून, कुजण्यातून, वणव्यांतून परत जातो. पृथ्वीचा हा श्वास पहिल्यांदा मोजला चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने. १९५८ साली हवाई बेटांतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर त्याने यंत्र लावले. उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात पालवली की हवेतला कर्बवायू उतरतो, हिवाळ्यात पुन्हा चढतो, दरवर्षी न चुकता. पण दर वर्षीचा चढ आदल्या वर्षीपेक्षा थोडा वर. १९५८ साली दहा लाख भागांत ३१५ भाग होते. २०२४ची सरासरी ४२४च्या वर गेली. यंत्रयुगाआधी ते २८० होते.

आपल्या शेजारीही असे मोजमाप झाले आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. गोव्याच्या दक्षिणेला काबो द रामा हा जुना किल्ला आहे. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९९३पासून काही वर्षे तिथल्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून, ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने तपासले. जागा मोठी हुशारीने निवडलेली. पावसाळ्यात वारा थेट समुद्रावरून, विषुववृत्तापलीकडून येतो. त्यात कर्बवायू कमी. हिवाळ्यात वारा फिरतो, घाटावरची, देशावरची हवा खाली उतरते आणि आकडा चढतो. आम्ही रत्नागिरीकर ज्याला नुसते ‘वारा फिरला’ म्हणतो, त्यात दोन गोलार्धांच्या हवेची अदलाबदल असते. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सिंहगडावरही अशी मोजणी सुरू केली.

आता दागिन्यांची पेटी. एका चांगल्या जुन्या ऐनाचे वाळलेले लाकूड समजा एक टन भरले, तर त्यात निम्मा, म्हणजे अर्धा टन कर्ब असतो. अर्धा टन कर्ब म्हणजे किती? साधारण पावणेसातशे-सातशे लिटर डिझेल जाळल्यावर जेवढा बाहेर पडतो तेवढा. साठ-सत्तर वर्षे उभे राहून एका झाडाने जे जमवले, ते एखादा ट्रक काही फेऱ्यांत हवेत सोडतो. हा हिशेब मी पुतण्याला सांगितला तेव्हा तो जरा हिरमुसला. त्याला राई म्हणजे फार मोठी तिजोरी वाटली होती.

रायीत लाकडाखेरीज मातीही आहे. कोकणातल्या मातीत सेंद्रिय कर्ब देशावरच्या मानाने चांगला असतो, हे माती परीक्षणाचा कागद पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पण झाडोरा काढून उतार उघडा पडला, की तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस ही माती दोन-चार वर्षांत खाडीत नेतो. वखारवाल्याच्या कागदात किंमत फक्त लाकडाची होती. मातीचा रकाना नव्हता.

खाडीचा विषय निघाला की आमच्या घरात अजूनही आवाज खाली जातो. खाडीकाठी आमचे खाजण होते, दीड एकर. बांध घालून, उघाडी बसवून खारे पाणी अडवलेले. त्यात लाल भात होई. १९८३च्या पावसाळ्यात बांध फुटला. दुरुस्तीला पैसे हवे होते, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्या होत्या, माणसे हवी होती. तिन्ही मुंबईला. दुसऱ्या वर्षी बांध आणखी खचला. चौथ्या-पाचव्या वर्षी चिखलातून तिवरांच्या श्वासमुळ्या वर आल्या. अण्णा ओहोटीच्या वेळी जाऊन काठावर उभे राहत आणि काही न बोलता परत येत. आज तिथे तिवर, कांदळ, चिप्पी यांचे घट्ट रान आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८च्या आदेशांनंतर ते कुणाला तोडता येत नाही. पांढरी चिप्पी तर २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. अण्णा त्याआधीच गेले. त्यांच्यापुढे हे कौतुक करायची माझी हिंमत झाली नसती.

पण रसायनाचा विद्यार्थी म्हणून सांगायचे, तर आमच्या साऱ्या जमिनीत कर्ब साठवायला सर्वांत लायक तुकडा तोच. खारफुटीची पाने, मुळे, वरून नदीने आणलेला गाळ हे सगळे चिखलात गाडले जाते. त्या चिखलात चार बोटे खाली गेले की प्राणवायू नसतो. काळा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास ही त्याची खूण. प्राणवायू नसला की कुजणे मंदावते आणि कर्ब शतकानुशतके, जागा चांगली असेल तर हजारो वर्षे, तिथेच राहतो. हिंदी-प्रशांत महासागराच्या परिसरातल्या पंचवीस खारफुटींचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी सरासरी हजार टनांच्या वर कर्ब भरला आणि त्यातला बहुतेक जमिनीखाली. तो आकडा जसाच्या तसा आमच्या खाडीला लावायचे धाडस मी करणार नाही. तिथले चिखल कुठे कुठे कित्येक मीटर खोल होते. पण दिशा तीच. आणि याची दुसरी बाजूही आली : आमच्या पूर्वजांनी बांध घालून ते खाजण कोरडे केले, तेव्हा चिखलात प्राणवायू शिरला आणि साठलेला कर्ब निसटू लागला. आमच्या ताटातला लाल भात त्या किमतीत येत होता. ते कुणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी पोट भरायचेच होते.

विहिरीतला ढेकूळ नेमका इथे जोडला जातो. एके काळी इथेही झाडोऱ्याने वेढलेले, संथ पाण्याचे, चिखलाचे काठ असणार. लाकूड पडले, पाण्याखाली गेले, मातीने झाकले. प्राणवायू पोचला नाही. वर माती चढत गेली आणि कोटीच्या घरातली वर्षे तो कर्ब हवेच्या खात्यातून बाद झाला. आजच्या तिवराखालच्या चिखलाला पुरेसा वेळ मिळाला, वर थर चढले, तर त्याचेही तेच होईल. फक्त ते पाहायला सातबारा शिल्लक नसेल.

आता जमिनीकडे, म्हणजे दगडाकडे वळू. सह्याद्री हा काळ्या पत्थराचा, बसाल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरांवर थर साचले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश त्याने व्यापला आहे. लाव्ह्याबरोबर प्रचंड कर्बवायूही बाहेर पडला. पण याच पत्थराने पुढे कोट्यवधी वर्षे तो परत गिळला, आणि अजून गिळतो आहे. कसे ते सोपे आहे. पावसाच्या थेंबात हवेतला थोडा कर्बवायू विरघळतो. पाणी किंचित आंबट होते, गोटी सोड्याच्या शेकडोपट सौम्य. मातीतून जाताना मुळांच्या श्वासाने ते आणखी आंबट होते. हे पाणी पत्थराला हळूहळू विरघळवते. कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात आणि कर्बवायू बायकार्बोनेट होऊन त्यांच्यासोबत नदीला लागतो. मागे माती राहते. काजळी, शास्त्री, वाशिष्ठी या नद्यांचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यातून विरघळलेला सह्याद्री समुद्राकडे चाललेला असतो.

आणि जांभा? याच प्रक्रियेचा उरलेला चोथा. पत्थरातले विरघळणारे ते सगळे गेले, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले, लाल झाले, कडक झाले. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी अमदानीतल्या प्रवाशाने मलबारात लोक विटांसारखे तोडून वापरतात हे पाहून १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ नाव दिले. आमचे घर, गडगे, विहिरीचा कठडा, सगळे चिऱ्याचे. म्हणजे आम्ही पावसाने चघळून टाकलेल्या डोंगरात राहतो. जांभ्याच्या चिऱ्यात स्वतःचा असा कर्ब जवळजवळ नाही, पण एकेका चिऱ्यामागे कितीतरी कर्ब समुद्रात पोचता झालेला आहे. मात्र सड्यावर हे काम आता जवळपास संपले. जांभ्याचे जाड कवच खालच्या ताज्या पत्थराला झाकून बसते. खरे काम चालते ते घाटाच्या उतारांवर, जिथे दरवर्षी नवा दगड उघडा पडतो.

अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेतल्या एस. कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या आणि घाटावरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांचे पाणी तपासून २००५ साली हा हिशेब मांडला. वर्षाला चौरस किलोमीटरमागे काही टन कर्ब. हेक्टरला वाटून दिले तर एखाद्या पोत्याइतका. क्षुल्लक वाटतो, पण जगाच्या जमिनीचा वीसावा भागही बसाल्टचा नसताना दगड झिजण्यातून होणाऱ्या एकूण कर्बशोषणात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरतात. २००८ साली डेनिस केंट आणि जोवान्नी मुत्तोनी यांनी तर असे मांडले, की भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना दख्खनचा पत्थर विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यात आला, जोराने झिजू लागला, आणि गेल्या पाच कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत गेली त्यामागे हे एक कारण असावे. सगळ्यांना ते मान्य आहे असे नाही. पण आपला काळा, राकट सह्याद्री जगाच्या हवामानाचा हिशेब ठेवत होता, ही कल्पना मला तरी आवडते.

नदीने नेलेले ते बायकार्बोनेट समुद्रात शिंपले वापरतात. ओहोटीला भाट्याच्या वाळूत मुळे काढायला बायका बसलेल्या दिसतात, त्या टोपल्यांत डोंगरातला कॅल्शियम आणि हवेतला कर्ब एकत्र आलेला असतो. इथे एक बारकावा आहे, जो मी स्वतः कित्येक वर्षे चुकीचा शिकवला. शिंपला तयार होताना बायकार्बोनेटमधला निम्मा कर्ब कवचात बसतो आणि उरलेला निम्मा कर्बवायू होऊन सुटतो. म्हणजे पत्थराने घेतलेल्यातला अर्धाच कायमचा जमा होतो. आणि आमच्या पूर्वजांनी तोही मोडून खाल्ला. जुन्या घरांना शिंपल्यांचा चुना असे. शिंपले भट्टीत भाजले की कर्बवायू उडून जाई, कळीचा चुना उरे. तो विरवून भिंतीला दिला, की भिंत पुढची कित्येक वर्षे हवेतून कर्बवायू परत घेऊन पुन्हा दगड होत राही. आमच्या माजघराची भिंत अजून खिळा शिरू देत नाही, ती त्यामुळे.

समुद्राबद्दल आम्हा किनाऱ्यावरच्यांची समजूत अशी, की एवढे मोठे पाणी, ते सगळे पोटात घेत असेल. पृथ्वीभरचा समुद्र माणसाने सोडलेल्या कर्बातला साधारण पाव भाग घेतो, हे खरे. पण आमचा अरबी समुद्र वर्षाच्या एकूण हिशेबात कर्ब सोडणाराच आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की सोमालिया-ओमानच्या बाजूला खोलातले थंड पाणी वर येते, काही प्रमाणात आपल्या किनाऱ्यालाही. खालच्या पाण्यात कुजून साठलेला कर्बवायू भरपूर असतो. वर येऊन ते तापले, की गोटी सोड्याची बाटली उन्हात फोडावी तसा तो निसटतो. त्याच पाण्याबरोबर खतही वर येते, वनस्पतीप्लवक माजतात आणि पुढे तारली-बांगड्याचे घोस येतात. मेलेल्या प्लवकांचा पाऊस खाली पडत राहतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर १९८६पासून अरबी समुद्राच्या खोल पाण्यात मोठी नरसाळी टांगून हा पाऊस गोळा केला. आर. आर. नायर, वेणू इट्टेक्कोट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले, की वर मोसमी वारा जोरात वाहू लागला की खाली पोचणारा पाऊसही वाढतो. वर तयार झालेल्यातला शंभरातला एखादाच भाग तळ गाठतो. तोच पुढे गाडला जाण्याची शक्यता.

एवढे सगळे चक्र स्वतःचे स्वतः फिरत होते. ज्वालामुखी थोडा कर्ब बाहेर टाकत, पत्थर आणि चिखल थोडा आत घेत. दोन्ही वर्षाला एक अब्ज टनाच्या बरेच खाली. माणूस आज कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे दहा अब्ज टन कर्ब काढतो, ज्वालामुखींच्या शंभरपट. हा कर्ब जमिनीच्या खात्यातला. आणि तो हवेत मिसळला आहे हे ओळखताही येते. जुन्या कोळशात किरणोत्सारी कर्ब उरलेला नसतो. त्यामुळे हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत जाते, हे हान्स झ्यूस याने १९५५ साली झाडांच्या वलयांवरून दाखवले होते.

जयगडला १,२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. परदेशी कोळशाची जहाजे तिथे लागतात. इंडोनेशियाच्या कालिमंतान भागातून जो कोळसा जगभर जातो, त्यातला बराचसा मायोसीनचा, म्हणजे आमच्या विहिरीतल्या ढेकळाच्या पिढीचा. त्या विजेवर माझा पंखा फिरतो. हे लिहीत असताना दिवाही त्याचाच असेल. तेव्हा बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण दाढ भाजल्याचा धूर आणि चिमणीचा धूर एकाच मापाने मोजू नये, एवढे मात्र वाटते. एक खिशातून खिशात जातो. दुसरा कोटी वर्षांची जमीन विकून आलेला.

आणि आता तो इंग्रजी करार. पुतण्याने आणि मी दोन रात्री बसून वाचला. त्यातल्या दोन गोष्टी गळी उतरेनात. पहिली : पैसे झाडे असल्याचे मिळत नाहीत, तोडण्यापासून वाचवल्याचे मिळतात. म्हणजे आम्ही लिहून द्यायचे, की करार नसता तर आम्ही राई तोडणारच होतो. वखारवाल्याचा कागद त्याला पुरावा म्हणून जोडायचा. अण्णांनी आयुष्यभर न तोडलेली राई त्या अर्जात बिनकामाची ठरते. तोडायला निघालेल्याला मोल, न तोडणाऱ्याला नाही. पुतण्या हसून म्हणाला, “म्हणजे धमकीच विकायची!” दुसरी गोष्ट मला अधिक टोचली. आमच्या झाडांचा कर्ब विकत घेणारा कुठेतरी तेवढाच कोळसा जाळणार आणि कागदोपत्री दोन्हींची फिटंफाट होणार. त्याचा कर्ब जमिनीच्या खात्यातला, आमचा दागिन्यांच्या पेटीतला, तोही तीस वर्षांपुरता. हवेत गेलेला कर्ब निसर्गाकडून पूर्ण परत गाडला जायला हजारो-लाखो वर्षे लागतात. एकतिसाव्या वर्षी काय, याबद्दल करार गप्प आहे. आणि वणवा? सड्यावरचे गवत पेटले आणि आग रायीत शिरली, तर एका दुपारी सगळे संपेल. त्याची जबाबदारी मात्र नेमकी आमच्यावर.

तरीही मी ‘सही करू नका’ असे सरळ म्हणालो नाही. छप्पर गळते आहे, फी थकली आहे, आणि माझे पेन्शन चालू आहे. पेन्शनवाल्याने निसर्गावर प्रवचन देणे सोपे असते. मध्य भारतातल्या भातशेतीत बसाल्टची भुकटी पसरून दगड झिजण्याचा वेग वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत, त्याचेही शेतकऱ्यांपर्यंत काही पोचते म्हणतात. महामार्गाच्या कामाने आमच्याकडे क्रशरच्या भुकटीचे ढीग पडले आहेत. तिथे साठणारा कर्ब निदान खऱ्याखुऱ्या दगडाच्या खात्यात जाईल. मोजणे मात्र फार अवघड, आणि भुकटी वाहून नेणाऱ्या ट्रकचे डिझेल वजा करायला विसरू नये.

गणपतीत पुन्हा सगळे जमले. थोरल्या भावाचे छप्पर सगळ्यांनी वर्गणी काढून करायचे ठरले. पत्रे येऊन पडले आहेत. फीचे अर्धे जमले, अर्ध्यासाठी पुण्याच्या भावाने बँकेत अर्ज केला आहे. वखारवाल्याला नाही म्हणून कळवले. तो रागावला नाही. “पुढच्या वर्षी येतो,” म्हणाला. कराराच्या गृहस्थाला दिवाळीनंतर बोलू, असे सांगितले आहे. त्याला विचारायच्या प्रश्नांची यादी पुतण्याने मराठीत केली आहे आणि पहिला प्रश्न एकतिसाव्या वर्षाचा आहे. अकरापैकी चार जण अजून सही करावी याच मताचे आहेत.

डिसेंबरात गवत वाळायला लागले की रायीभोवती जाळरेषा काढावी लागेल. त्यासाठी दोन गडी आतापासून सांगून ठेवले. पुतण्या जाताना त्या काळ्या ढेकळाचा एक कपचा कागदात गुंडाळून मुंबईला घेऊन गेला. ऑफिसात टेबलावर ठेवतो म्हणाला. उरलेला कोनाड्यात आहे.